राज्य विरुद्ध एक डबा, झाकणासह

"नावाचा डबा घराबाहेर देऊ नकोस," असं सलील बोंद्रेने बारशाच्या दिवशी बजावलं होतं, आणि ऋजुता हसली होती.

हसण्यासारखंच होतं ते. सलील तिचा एम.एस्सी.चा सोबती, रसायनशास्त्रात विद्यापीठात पहिला आलेला, आणि आता सरकारी यंत्रं नीट चालतात की नाही हे तपासत जिल्हाभर फिरणारा. असा माणूस हातात घुगऱ्यांची वाटी घेऊन आजीबाईच्या बटव्यातलं काहीतरी काढतो म्हटल्यावर कुणीही हसलं असतं.

"का रे? परत येत नाही म्हणून?"

"परत येतो, हीच तर पंचाईत आहे," सलील म्हणाला. तेवढ्यात बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि बोलणं तिथेच राहिलं.

डबा होता स्टीलचा, दोन किलो साखर मावेल एवढा. पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : सौ. शुभदा मोघे, ७-५-२०१०. ऋजुताच्या आईच्या लग्नातला. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिच्या साड्या नात्यात वाटल्या गेल्या, बांगड्या मोडल्या गेल्या. हा डबा तेवढा ऋजुताबरोबर नाशिकला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आला. असा डबा काय फळीवर ठेवून पूजायचा असतो?

डब्याचा रस्ता ठरलेला होता. तीनशे दोनमधून खाली दोनशे दोनमध्ये, आणि दोनशे दोनमधून वर. दोनशे दोनमध्ये कुंदा टिपणीस राहायच्या. एस.टी.च्या आरक्षण खिडकीवर तीस वर्षं काढलेली बाई, त्यामुळे समोरचा माणूस काचेपलीकडे उभा आहे अशा आवाजात बोलणारी. ऋजुता कामावर जायची तेव्हा तिची तान्ही लेक चिऊ त्यांच्याकडे असायची. वरून डब्यात शिरा जायचा, कधी मेथीची थालीपिठं जायची. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून वर यायचा, आणि त्यात काहीतरी असायचंच. चार लिंबं, कढीपत्त्याची डहाळी, आणि काहीच नसलं घरात तर खडीसाखर.

"काकू, दर वेळी काय हो?"

"रिकामा परत द्यायला आपण काय भांडून बसलोय?" काकू म्हणायच्या. विषय संपायचा.

*

त्या सुमारास गावात 'गंधवेध' बसू लागले होते. लोकांना असली नावं पचत नाहीत. लोक त्याला 'नाक' म्हणू लागले आणि नाकच रूढ झालं.

त्यामागचं शास्त्र काही फार अवघड नव्हतं. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की हिचे थोडे रेणू तिच्याकडे जातात, तिचे हिच्याकडे येतात. पुसा, घासा, उन्हात ठेवा, सगळे जात नाहीत. पूर्वी ते उरलेसुरले रेणू मोजायला मोठी प्रयोगशाळा आणि दोन दिवस लागायचे. नाक हवेचा एक घोट ओढायचं आणि चार सेकंदांत सांगायचं की या माणसाच्या हातातल्या पिशवीला महिन्याभरात काय काय शिवलेलं आहे. ज्यांनी ते शोधलं, त्यांनी श्वासावरून कर्करोग ओळखण्यासाठी शोधलं होतं. पण इस्पितळांना ते परवडेना. कलंकित मालमत्ता विभागाला मात्र परवडलं, कारण त्या विभागाला सगळंच परवडत असे.

परवडण्याचं कारण कायद्यात होतं. 'चांदी' नावाची नवी भुकटी बाजारात आली होती. चिमूटभर जिभेवर ठेवली की तरुण पोरं दोन दोन दिवस शुद्धीवर येत नसत. ती विकणारे हाताला लागेनात. माणूस पकडला की पुरावा लागतो, त्याला वकील लागतो, जामीन लागतो. तेव्हा कुणा हुशार माणसाच्या डोक्यातून निघालं की माणूस सोडा, वस्तू धरा. आरोप वस्तूवर ठेवायचा. मोटारीवर, दुकानावर, घरावर. वस्तूला जामीन लागत नाही. वस्तू उपोषणाला बसत नाही. वस्तूची आई न्यायालयाबाहेर रडत उभी राहत नाही. आणि वस्तू दोषी ठरली की तिचा लिलाव करता येतो, त्या पैशातून आणखी नाकं घेता येतात. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशी म्हण आहे. इथे दळणारं अजिबात आंधळं नव्हतं आणि पीठही तेच खात होतं.

सगळं वर्तमानपत्रात येऊन गेलं होतं. ऋजुताने वाचलंही होतं. चांगलं आहे, असं वाटलं होतं तिला. एका अंगावर पिणाऱ्या पोरीच्या आईला त्या भुकटीची भीती वाटणारच. सोसायटीच्या सभेत लिफ्टमध्ये नाक बसवायचा ठराव आला तेव्हा तिने हात वर केला होता. हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही.

*

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला तीन माणसं आली. पुढचा मऊ आवाजाचा, केस नीट बसवलेला. देवरुखकर असं नाव सांगितलं त्याने.

"शुभदा मोघे आपणच का?"

"ती माझी आई. तीन वर्षांपूर्वी वारली."

"अरेरे." त्याने हातातल्या पाटीवर काहीतरी बघितलं. "मग नोटीस कोण घेणार?"

"तिची तिला नेऊन द्या ना," ऋजुता म्हणाली. "पत्ता शोधेल तुमचं नाक."

देवरुखकर हसला नाही. अशा माणसांना विनोद कळत नाही असं नाही; नोंद करायला रकाना नसला की ते ऐकतच नाहीत. त्याने नोटीस वाचून दाखवली. राज्य विरुद्ध एक स्टीलचा डबा, झाकणासह, आणि फ्लॅट क्रमांक तीनशे दोन. रविवारी संध्याकाळी डबा लिफ्टमधून वर आला तेव्हा नाकाला त्यात 'चांदी' सापडली होती. सोमवारी ऋजुता डबा घेऊन खाली उतरली तेव्हा सोसायटीच्या कार्यालयात तिला थांबवून विभागाच्या माणसाने डब्यावरून कापूस फिरवून नेला होता. पाण्याच्या टाकीची तपासणी चालली आहे असं सांगून.

"म्हणजे मी अमली पदार्थ विकते?"

"छे छे, मॅडम! तुमच्यावर काहीच आरोप नाही. अगदी निश्चिंत राहा."

"मग घराला टाळं कशाला लावताय?"

"आरोप घरावर आहे ना. डबा मुख्य, फ्लॅट आश्रयस्थान." तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला. "आज टाळं नाही. तीस दिवस आहेत. मालकाने सिद्ध करायचं की आपल्याला माहिती नव्हतं आणि आपण वाजवी काळजी घेतली होती."

"वाजवी काळजी म्हणजे?"

"बाहेरून आलेला पदार्थ स्वीकारण्यापूर्वी तपासून घेणे."

"शेजारून वाटीभर आमटी आली तरी?"

"पदार्थ, मॅडम," देवरुखकर म्हणाला. "आमटी हा पदार्थ आहे."

बाकीचे दोघे आत शिरले होते. त्यांनी डबा काचेच्या पेटीत ठेवला, झाकण दुसऱ्या पेटीत. मग पाळण्याकडे वळले. ऋजुता मधे उभी राहिली.

"बाळ वस्तू नाही," देवरुखकरने दिलासा दिला. "बाळाला कुणी हात लावणार नाही. दुपटं मात्र वस्तू आहे."

त्यांनी चिऊच्या अंगाखालचं दुपटं काढून घेतलं. चिऊला गंमत वाटली. तिने टाळ्या वाजवल्या.

दारातून बाहेर पडताना देवरुखकर थांबला. "एक सोपा मार्ग आहे. डबा कुणाकडून असा आला ते कळलं, म्हणजे स्रोत सापडला, की आपलं घर दुय्यम संपर्क ठरतं. मोकळं. मग प्रकरण त्या स्रोतावर चालतं."

"स्रोत म्हणजे कुणाचं तरी घरच ना?"

"वस्तूवर, मॅडम. माणसाला काहीही त्रास नाही."

*

सोसायटीत बातमी पोचायला जिना उतरण्याएवढाही वेळ लागला नाही. चारशे एकच्या बाईने आदल्या आठवड्यात नेलेलं पुरणयंत्र पिशवीत घालून दाराला टांगलं आणि घंटी न वाजवता पळाली. सचिवांनी ऋजुताला निरोप धाडला की चौकशी पूर्ण होईपर्यंत लिफ्ट वापरू नये, कृपया गैरसमज नसावा. गणपतीत याच माणसाने तिच्याकडून एकवीस मोदक हक्काने मागून नेले होते. ते पोटात गेले, पचले, आणि आता पोटातून कुणी काढून तपासेल की काय या भीतीने तो जिन्यातसुद्धा अंग चोरून जायचा. घाबरणारी माणसं ऋजुताला समजत होती, ती स्वतः जन्मभर घाबरतच आली होती. पण या माणसांना घाबरण्याचीही लाज वाटत नव्हती.

वर आल्या त्या एकट्या टिपणीस काकू. ताटलीत घावन घेऊन, गुडघ्यावर हात ठेवत, जिन्याने.

"मेल्यांना चोर सापडत नाहीत, डबे सापडतात!" त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत गेला असणार. "चोर सोडून संन्याशाला सुळी. आण इकडे त्या पोरीला. दूध घेतलंय का तिने? तुझं तोंड बघ, चार दिवस जेवली नाहीस."

"काकू, तुम्ही नका येऊ वर. तुमच्या घरालाही काहीतरी चिकटवतील."

"माझ्या घरात काय आहे चिकटवायला? दोन पातेली आणि एक मी." चिऊ त्यांच्या कडेवर चढली आणि चष्मा ओढू लागली. "सुनावणी कधी आहे? मी येते साक्षीला. त्या डब्याला मी दीड वर्ष ओळखते."

*

डबा नेल्यानंतर आठवड्याभराने बेचाळीस पानांचा अहवाल आला. मालकाला प्रत देणं बंधनकारक असतं, वाचता येणं बंधनकारक नसतं. ऋजुताला वाचता येत होता. दुपारी चिऊ मांडीवर दूध पीत असताना तिने एका हाताने पानं उलटली आणि एकतिसाव्या पानावर थांबली.

स्टील गुळगुळीत असतं, घासलं की बहुतेक सगळं निघून जातं. पण नाव कोरताना ठिपके पडतात. प्रत्येक ठिपका म्हणजे खड्डा, आणि त्या खड्ड्याच्या तळाशी काथ्या पोचत नाही. आईच्या नावाच्या त्या बारीक बारीक खड्ड्यांत तीस वर्षांचं स्वयंपाकघर साचलेलं होतं. प्रयोगशाळेने त्यावर विद्युतभारित आर्गॉनचा मारा केला होता. त्याने गाळ थराथराने सोलला जातो, जसे घडीच्या पोळीचे पदर सोडवावेत. खालचा पदर जुना, वरचा नवा. प्रत्येक पदरात काय सापडलं त्याचा आलेख त्या पानावर होता. विभागाचं यंत्र तो आलेख बघतच नव्हतं. त्याला एकच आकडा हवा होता, एकूण किती. तो पहिल्या पानावर जाड अक्षरांत होता. त्या आकड्याएवढी 'चांदी' पोटात गेली असती तर काय झालं असतं, हे ऋजुताने आधी काढलं. तीन वेळा काढलं. गंगापूर धरणात चिमूटभर मीठ टाकावं आणि पाणी खारट झालं म्हणावं, तसलं प्रकरण होतं ते. चिऊला काही झालेलं नव्हतं, कुणालाच काही होणार नव्हतं. घर मात्र जाणार होतं.

मग तिने पेन्सिल घेतली. अगदी तळाशी मेथी आणि शेंगदाण्याचं तेल : आई. त्यावर साजूक तूप : ती स्वतः. त्यावर साखर, नुसती. मग साखर आणि 'चांदी', एकाच पदरात, एकमेकांत गुंतलेली. मग पुन्हा नुसती साखर.

ऋजुताने गोडात कधी साखर घातली नव्हती. तिचा शिरा गुळाचा असायचा. त्या डब्यात साखर यायची ती एकाच घरून.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत काकूंनी आतली खोली एका गृहस्थांना भाड्याने दिली होती. पन्नाशीचे, कपाळाला गंध, विम्याचं काम करतो म्हणायचे. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, खडीसाखरेच्या बरणीला लागून, त्यांची कातडी पिशवी असायची. ऋजुताने स्वतः पाहिली होती. दिवाळीनंतर ते खोली सोडून गेले आणि फराळाबद्दल आभार मानून गेले.

ती प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवणारी बाई होती. चिऊच्या बाटल्या ती वीस मिनिटं उकळायची, झोपेत तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. ती पिशवी तिने बघितली आणि तिला एवढंच वाटलं होतं की कातडं चांगलं आहे.

तिने सलीलला फोन लावला.

"पान एकतीस," ती म्हणाली.

"ते पान कुणी वाचत नाही, ऋजुता. तूही वाचलं नाहीस."

"त्यावरून दिशा कळते. कुणाकडून कुणाकडे आलं ते."

"कळते. म्हणून तर म्हणतोय." सलीलचा आवाज खाली आला. "दाखवलंस तर तुझं घर सुटेल. पण दाखवताना कुणाचं दाखवते आहेस ते बघून दाखव."

*

निनादला, तिच्या नवऱ्याला, तिने पानावरच्या खुणा दाखवल्या. तो बराच वेळ आलेखाकडे बघत बसला, कळत असल्यासारखा.

"मग सांगून टाक ना."

"काकूंचं घर जाईल, निनाद."

"आणि आपलं गेलं तर? लेकरू आहे आपल्याला." मग त्याने ते वाक्य उच्चारलं. असं वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी उच्चारतंच, फक्त स्वतःच्या घरात ते ऐकू येईल असं आपल्याला वाटत नाही. "त्यांना कोण आहे मागेपुढे?"

"म्हणून त्यांना घर नको?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस."

ती त्याला भरपूर बोलली. त्याची लायकी काढली. चिऊला दीड वर्ष कुणी सांभाळलं ते विचारलं. पण बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण त्याला गप्प करतो आहोत, आणि नाही म्हणत नाही आहोत.

सुनावणीच्या आदल्या दिवशी काकू वर आल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर अहवाल उघडाच होता, पेन्सिलीच्या खुणांसकट. काकूंनी त्यावरून नजर फिरवली, "काय ग बाई ही रांगोळी!" म्हणाल्या आणि चिऊची नखं कापायला बसल्या.

*

विभागाचं कार्यालय एका जप्त केलेल्या मंगल कार्यालयात होतं. भिंतीवर अजून 'वधूपक्ष' अशी पाटी होती. मधल्या टेबलावर आरोपी बसला होता, काचेच्या पेटीत, गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी अडकवून. शेजारी झाकण. आईचं नाव वर होतं. इतक्या माणसांनी एवढ्या गंभीरपणे डब्याकडे बघताना ऋजुताने कधी पाहिलं नव्हतं. या सगळ्यांना पगार मिळतो, असं तिच्या मनात आलं.

निर्णय अधिकारी म्हणून एक बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "वस्तूच्या बाजूने कोण?"

ऋजुता उठली. कडेवर चिऊ होती. तिने आईबद्दल सांगितलं, लग्नाची तारीख सांगितली, आपल्याला माहिती नव्हतं हे सांगितलं.

"वाजवी काळजी?" देवरुखकरने विचारलं.

"मी डबा घासून ठेवते."

"म्हणजे पुरावा नष्ट करत होता?" आणि लगेच मऊ आवाजात, "आरोप नाही, मॅडम. नोंदीसाठी."

ऋजुताच्या पिशवीत पान एकतीस घडी घालून ठेवलेलं होतं. ते बाहेर काढायचं नाही असं तिने सकाळी ठरवलं होतं, आणि रिक्षात पुन्हा ठरवलं होतं. तिला अभिमान वाटला होता स्वतःचा. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

"मला बोलायचंय. साक्षीदार."

टिपणीस काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकत त्या पुढे गेल्या, आणि आयुष्यभर ज्या खिडकीच्या आत बसल्या त्या खिडकीच्या बाहेर उभ्या राहिल्या.

"नाव?"

"कुंदा सदाशिव टिपणीस, फ्लॅट दोनशे दोन. लिहून घ्या नीट. ही मुलगी देवासारखी आहे. आणि हा डबा कुठल्या गुत्त्यावर जात नाही. तो माझ्याकडे येतो आणि माझ्याकडून जातो. तिसरं घर नाही."

देवरुखकरने मान वर केली. "फक्त तुमच्याकडे?"

"फक्त माझ्याकडे."

आता बोलायला हवं होतं. काकू, बसा, एवढंच. चिऊ रडते आहे, काकू, जरा घ्या हिला, असं काहीही. ऋजुताने तोंड उघडलं. चिऊच्या नाकाला थोडं पाणी आलं होतं. तिने रुमाल काढला आणि ते पुसायला घेतलं.

"आणि परत देताना त्यात काही असायचं का, आजी?"

प्रश्न अगदी प्रेमाने विचारलेला होता. काकूंना तो अपमान वाटला.

"असायचं का म्हणजे? आम्हांला काय रीतभात नाही? दीड वर्षात एकदाही डबा रिकामा परत गेलेला नाही माझ्या घरून. घरात काही नसलं तर खडीसाखर घातली आहे, पण रिकामा नाही दिला. विचारा तिला! ऋजू, सांग ग त्यांना."

सगळे ऋजुताकडे बघू लागले.

"हो," ऋजुता म्हणाली. "कधीच रिकामा नाही दिला."

आणि ती नाक पुसत राहिली, कोरडं झालेलं.

*

तीनशे दोन आठवड्याभरात मोकळा झाला. दुपटं परत आलं, इस्त्री करून. डबा परत आला नाही. तो दोषीच होता.

दोनशे दोनवर नोटीस लागली. वाजवी काळजी घेतली का, तर नाही : भाडेकरूची पिशवी उघडून पाहिली नव्हती. "पाहुण्याची पिशवी उघडतात का कधी?" असं काकूंनी विचारलं म्हणे. त्या गंध लावणाऱ्या गृहस्थांना कुणी शोधलं नाही. त्यांच्या नावावर घर नव्हतं, गाडी नव्हती. धरण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं.

नोटिशीनंतर चार दिवसांनी काकू वर आल्या. उंबऱ्याबाहेरच थांबल्या. हातात बेचाळीस पानं होती.

"आत नाही येत. तुमच्या कागदात तसं लिहिलंय ना, तीन वर्षं संपर्क नाही म्हणून? मला माहितीय." आज त्यांचा आवाज काचेशिवायचा होता. "फक्त एवढं वाच. तुझ्या विषयातलं आहे. हे एकतिसावं पान काय म्हणतं?"

ऋजुताला तो कागद हातात घेता येत नव्हता. काकूंनी तो तिच्यासमोर धरला. दुरून, दोन्ही हातांनी, एस.टी.चं वेळापत्रक दाखवावं तसा.

"काकू..."

"ही रांगोळी मी पाहिली होती तुझ्या टेबलावर. पेन्सिलीने खुणा केलेली. साक्षीच्या आदल्या दिवशी."

आतून चिऊने हाक मारली. तिला 'काकू' म्हणता येत नसे, ती 'काऊ' म्हणायची. काकूंनी आत डोकावायला मान केली आणि परत घेतली. कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"दाढा येताहेत तिला. भाकरीचा कडक पापुद्रा देत जा चावायला," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या. लिफ्ट त्यांनाही बंद होती.

*

दोनशे दोनचा लिलाव झाला. काकू आधी भाचीकडे गेल्या. पण त्यांच्या सामानाने आपलं घर बाटेल या भीतीने भाचीने महिन्याभरात दुसरी जागा बघून दिली. सिन्नरला, एस.टी. स्टँडच्या मागे, तुळजाई नावाच्या इमारतीत गच्चीवरची खोली. तीन मजले, लिफ्ट नाही. त्यांचा फोन अकरा दिवस झाले नुसता वाजतो आहे.

ऋजुताने तिथे पाऊल ठेवलं, की साखळी पुन्हा जोडली जाईल आणि तीनशे दोनवर पुन्हा नोटीस लागेल. निनाद म्हणतो, येईल ग फोन. सलील आता तिचे फोन घेत नाही. सोसायटीत विचारलं तर सगळ्यांना एकदम कामं आठवतात. ती रोज ठरवते की घर गेलं खड्ड्यात, आपण जायचं. मग चिऊ झोपेत कूस बदलते आणि ती राहते. आपल्याबद्दल तिला काय वाटतं ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं ते नाही.

म्हणून ती तुम्हाला विचारते आहे. तुमच्या घराला अजून काही चिकटलेलं नसेल आणि सिन्नरच्या बाजूने जाणं झालं, तर तेवढे तीन मजले चढून जा. दार वाजवा आणि थांबा. ऐकू चांगलं येतं त्यांना, पण गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो. कुणी पाठवलं ते सांगू नका. फक्त बघा, आहेत ना, काही खाल्लंय ना. रिकाम्या हाताने जाऊ नका. चार लिंबं न्या, नाहीतर थोडी खडीसाखर, पानात नाहीतर कागदात बांधून. नावाचा डबा मात्र नेऊ नका. त्या तो रिकामा परत देणार नाहीत.